फवारलेलं औषध जातं कुठं?



परिसर अभ्यासात आपण अन्नसाखळी शिकतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. फळ्यावर बाण काढले, वहीत उतरवून घेतले की धडा संपला. पण आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत पावसाळ्याच्या मधल्या दिवसांत ही साखळी फळ्यावर नसते, शेताच्या धुऱ्यावर असते. ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्या हजेरीपत्रकात गैरहजेरी वाढते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, फवाऱ्याले पाणी द्याले गेलो होतो."

एका वर्षी चौथीतला एक मुलगा पिण्याचं पाणी एका नव्याच बाटलीत घेऊन आला. बाटली चांगली जाड, झाकण घट्ट. लेबल खरवडून काढलेलं, पण एका कोपऱ्यात त्रिकोणाचा तुकडा शिल्लक होता. लाल त्रिकोण. मी बाटली हातातून घेतली तर तो रडायलाच लागला, त्याला वाटलं मी रागावले. म्हणाला, "आईनं राखेनं तीनदा धुतली जी मॅडम." त्या दिवशी गणिताचा तास राहिला आणि आम्ही त्रिकोणावर बोलत बसलो. आजचा लेख तिथूनच सुरू झाला असं समजा.

औषध की विष?

आपण सगळे त्याला 'औषध' म्हणतो. कृषी केंद्रात जाऊन "पऱ्हाटीचं औषध द्या" म्हणतो. शब्द साधा आहे, पण त्यानं घोटाळा होतो. औषध म्हटलं की मुलाच्या मनात सर्दी-तापाची गोळी येते. मग ती बाटली घरात धान्याच्या कोठीजवळ, कधी खाटेखाली राहते. बाटलीवरचा त्रिकोण मात्र खरं सांगतो. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्यानुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यात कवटीचं चित्रही असतं. पिवळा त्याच्याखालोखाल. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे कमी विषारी.

वर्गात मी विचारलं, हिरवा म्हणजे काय? बहुतेकांनी सांगितलं, "चांगलं, नैसर्गिक." तसं नाही. हिरव्या त्रिकोणातही विषच असतं, फक्त जीव घ्यायला जास्त मात्रा लागते. आणि हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून, लगेच होणारा परिणाम पाहून. मधमाशीला काय होईल, नाल्यातल्या मासोळीला काय होईल, दहा वर्षं फवारणाऱ्या माणसाला काय होईल, हे त्रिकोण सांगत नाही. सोबतच्या घडीपत्रकात बरंच काही लिहिलेलं असतं, पण अक्षरं इतकी बारीक की आमच्या पाचवीच्या पोरांनाही भिंग लागलं. त्यांच्या बाबांनी शेतात, हातात पंप असताना ते कधी वाचायचं?

बाटलीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ ला शालेय पोषण आहार खाऊन २३ मुलं दगावली. जेवण ज्या तेलात केलं त्यात मोनोक्रोटोफॉस होतं. तेल आधी कीटकनाशकाचा डबा राहिलेल्या भांड्यात ठेवल्याचं समोर आलं. आम्ही शिक्षक रोज खिचडी चाखून मगच मुलांना वाढतो, तेव्हा मला दरवेळी ती शाळा आठवते.

शरीरात गेल्यावर काय होतं

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही एका घराण्यातली कीटकनाशकं. त्यांना ऑरगॅनोफॉस्फेट म्हणतात. ती किडीला कशी मारतात ते समजलं की माणसाला का बाधतात तेही समजतं.

आपल्या मेंदूकडून हाताला निरोप जातो तो नसांमधून. एक नस संपते आणि पुढची नस किंवा स्नायू सुरू होतो, तिथे बारीकशी फट असते. ती ओलांडायला शरीर ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं. निरोप पोचला की ते लगेच साफ व्हायला हवं, नाहीतर निरोप चालूच राहील. साफसफाई करणारं एक विकर आहे, कोलिनएस्टरेज. शाळेची घंटा वाजवून शिपाईकाका दोरी सोडतात तसं. ऑरगॅनोफॉस्फेट या विकरालाच बांधून टाकतं. मग घंटा वाजतच राहते. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायूंना थरथर, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच दमतात. अळीच्या नसा आणि आपल्या नसा या बाबतीत सारख्याच चालतात. अळी लहान, आपण मोठे, फरक एवढाच.

आणि हे विष तोंडावाटेच जातं असं नाही. कातडीतून जातं. घामेजलेल्या कातडीतून अधिकच. ओला शर्ट अंगावर तासन् तास राहिला तर नाकावरचा रुमाल काय कामाचा?

शेजारच्या यवतमाळात २०१७ साली हेच घडलं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात यायला लागले. शेकडो जण भरती झाले, त्या एका जिल्ह्यातच वीसच्या आसपास माणसं गेली. किती जणांच्या डोळ्यांना काही दिवस दिसत नव्हतं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली पिकावर मारायच्या ऐवजी वर उडायचा आणि तोंडावर, अंगावर पडायचा. हवा दमट, उकाडा भयंकर. वेगानं बारीक तुषार उडवणारे नवे पंप. आणि दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवून मारायची सवय. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने अमरावती विभागात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन यांची नावं त्यात होती, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणंही. पुढे २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश काढला.

यवतमाळ आपल्यापासून लांब नाही, मध्ये फक्त वर्धा नदी. तीच पऱ्हाटी, तेच पंप. फवारणारा बहुतेक वेळा रोजीनं किंवा पंपामागे पैसे ठरवून आलेला मजूर. जितके पंप जास्त तितकी मजुरी जास्त. हातमोजे घालून, थांबून थांबून फवारायचं तर त्याचे पैसे बुडतात. त्याला "काळजी घे" एवढंच सांगणं मला नेहमी अपुरं वाटतं.

घरी कुणाला फवारणीनंतर असं झालं तर मुलांनी पण लक्षात ठेवायचं. आधी त्या माणसाला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, कपडे काढायचे, साबण-पाण्यानं अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा. उलटी काढण्याच्या नादी लागायचं नाही. आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरांना काय दिलं पाहिजे ते कळतं. या घराण्याच्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण प्रत्येक विषावर उतारा नसतो.

एवढी फवारणी करावी का लागते?

आता थोडा इतिहास. डीडीटी कीटक मारते हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधलं, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगाला वाटलं, किडीचा प्रश्न सुटला. १९६२ मध्ये अमेरिकेत रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं आणि पक्षी का कमी होताहेत ते लोकांना कळलं. डीडीटी लवकर मोडत नाही. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, मासोळीत, मासोळी खाणाऱ्या पक्ष्यात, दर पायरीला साठत जाते. आपली फळ्यावरची अन्नसाखळी इथे कामाला येते. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झाली. त्याच्या जागी आलेली ऑरगॅनोफॉस्फेट मातीत लवकर मोडतात, हे खरं. पण ती फवारणाऱ्याला लगेच बाधतात. एक आग विझवायला गेलो आणि दुसरी लागली.

पऱ्हाटीवर २००२ मध्ये बीटी बियाणं आलं. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा गुण सरकीत घातला, म्हणजे बोंडअळीनं पान खाल्लं की तीच मरते. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीसाठीची फवारणी कमी झाली. माझे वडील आजही सांगतात, ती चार-पाच वर्षं बरी गेली. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा काही उपयोग नाही, त्या वाढल्या आणि पंप पुन्हा पाठीवर आले. मग गुलाबी बोंडअळीनं बीटीलाच दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत ती दिसायची.

कीड दाद देणं कसं सोडते? हे आम्ही वर्गात चिंचोक्यांनी करून पाहतो. तुम्हीही करा. १०० चिंचोके घ्या, त्यातल्या ५ ना गुलाबी खडू लावा. साधे ९५ म्हणजे औषधाने मरणाऱ्या अळ्या, गुलाबी ५ म्हणजे न मरणाऱ्या. आता पहिली फवारणी. साधे दहातले नऊ उचलून टाका, गुलाबींना हात लावू नका. उरले साधारण १० साधे आणि ५ गुलाबी. शेतकरी म्हणतो, औषध जोरदार, शंभरातल्या पंधराच राहिल्या! उरलेल्या प्रत्येकाला पाच पिल्लं द्या. झाले ५० साधे, २५ गुलाबी. दुसरी फवारणी, पुन्हा पाचपट. २५ साधे, १२५ गुलाबी. तिसऱ्या फवारणीला पोरं स्वतःच ओरडतात, "मॅडम, आता तं मरतच नाही!" औषध तेच, पैसे तेवढेच, पण आता जवळजवळ सगळी गँग गुलाबी झालेली. मग दुकानदार म्हणतो, दोन औषधं मिसळून मारा.

यावर एक उपाय बियाण्याच्या पाकिटातच होता. बीटीसोबत साध्या कपाशीच्या सरकीचं लहान पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांची पाखरं गुलाबी खडूवाल्यांशी जोडी जमवतात आणि होणारी पिल्लं बीटीने मरणारी निघतात. आपण काय केलं? कडेच्या झाडांना अळी लागते, कशाला लावायचं म्हणून पाकीट फेकून दिलं, नाहीतर तूर लावली. आमच्या घरीही तेच झालं, खोटं कशाला सांगू. कंपन्यांनी आणि दुकानदारांनी ते का लावायचं हे नीट समजावलं, असंही मला आठवत नाही.

गुलाबी अळीची दुसरी गंमत अशी की ती अंड्यातून निघाली की लगेच फुलात, बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्रही बुजून जातं. फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या की समजायचं आत अळी आहे. त्याला डोमकळी म्हणतात. आत बसलेल्या अळीला वरचा फवारा लागतच नाही. म्हणजे आपण पैसे घालून औषध मारतो आणि मरतात कोण? बाहेर फिरणारे. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी, अंड्यांवर जगणारी इवलीशी ट्रायकोग्रामा माशी. हे सगळे मावा आणि अळीची अंडी फुकटात खाणारे. ते गेले की मावा दुप्पट जोमानं येतो आणि पुन्हा फवारणी.

माती, पाणी, मधमाशी

फवाऱ्यातलं सगळं पिकावर बसत नाही. काही वाऱ्यानं शेजारच्या तुरीवर, काही खाली जमिनीवर. पाऊस आला की तिथून नाल्यात. आपल्या गावचा नाला धाममध्ये किंवा वेण्यात, तिथून वर्धेत, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. पोरांना नकाशावर हे बोटानं फिरवायला लावलं तर त्यांना आधी पटतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पंप धुण्याची जागा. संध्याकाळी नाल्यात उतरून पंप खळखळून धुतला की राहिलेलं औषध एका जागी, एकदम पाण्यात जातं. मासोळ्या तरंगताना मी लहानपणी पाहिल्या आहेत. तेव्हा आम्हाला वाटायचं, नाल्याचं पाणी आटलं म्हणून.

सरकीच्या पाकिटातलं बी रंगीत असतं ते पाहिलंय ना? तो नुसता रंग नाही, कीटकनाशकाचा लेप असतो. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं नेहमीचं. झाड त्यातला थोडाच भाग घेतं, उरलेलं मातीत राहतं. घेतलेलं मुळापासून फुलाच्या परागापर्यंत पोचतं. त्या परागावर मधमाशी येते. तिला मारायचा कुणाचा हेतू नसतो, पण तिच्या नसा पण नसाच. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये या गटातली तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंद केली, ती मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे तुरीच्या, जवसाच्या, भोपळ्याच्या फुलांना माशी लागतेच. घरामागच्या वेलाला फुलं भरपूर आणि फळ मात्र धरत नाही, अशी तक्रार हल्ली बायकांकडून ऐकते.

खतांचं थोडक्यात सांगते. युरियातला नत्र पिकाला लागतो तितकाच पीक घेतं, बाकी नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली मुरतो आणि विहिरीत येतो. गोठ्याजवळचं शेणमूत, उघडी सांडपाण्याची डबकी यांचाही त्यात वाटा असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपल्या वर्ध्याचंही नाव आहे. तान्ह्या बाळाला असं पाणी दिलं तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही, बाळ निळसर पडू शकतं. आणि पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. हे मला स्वतःला डीएडला असताना माहीत नव्हतं.

तणनाशकाचं वेगळंच. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाले तर रोजी परवडत नाही, म्हणून तणनाशक आलं. परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं चोरटं कपाशीचं बियाणंही गावोगाव पोचलं आहे. धुऱ्यावरच्या पातूर, तरोट्याच्या भाज्या, ज्या आमची आजी पावसाळ्यात खुडून आणायची, त्या आता धुरा जळालेला असतो म्हणून मिळत नाहीत.

मग करायचं काय?

हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला तो असा, "मॅडम, फवारलं नाही तं बोंडं अळी खाते. मंग आमी काय खाव?" तिला गप्प करायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं एका दिवसात बंद करा, असं ज्याचं घर शेतीवर चालत नाही तोच म्हणू शकतो.

पण मधल्या वाटा आहेत. आपल्या वर्ध्यात यावर जुना विचार झालेला आहे. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी गावच्या उद्योगांचं आणि टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेचं काम केलं, तिथलं मगन संग्रहालय मुलांना सहलीला जरूर दाखवा. धरामित्रसारख्या संस्थेनं जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसोबत सेंद्रिय शेतीचे प्रयोग केले. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. त्यांचं आणि कृषी विद्यापीठाचं सांगणं एका गोष्टीवर सारखं आहे. आधी मोजा, मग फवारा. एकरी काही झाडं निवडून कीड मोजायची, नुकसानीची पातळी ओलांडली तरच औषध. कामगंध सापळ्यात रोज किती पाखरं अडकतात ते लिहायचं. हे मोजायचं काम चौथी-पाचवीचं पोर झकास करतं, आणि ते औषधाला हात न लावता.

गुलाबी अळीला उपाशी मारायचं असेल तर फरदड ठेवायची नाही. डिसेंबर-जानेवारीत शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उपटायच्या. जादा दोन वेचे मिळतील म्हणून पीक ठेवलं की अळीला उन्हाळाभर घर मिळतं. ज्या गावात एकानं फरदड ठेवली तिथे बाकीच्यांनी उपटून काय उपयोग, ही भांडणं खरी आहेत. लवकर पेरणी होऊ नये म्हणून सरकारने काही वर्षं १ जूनच्या आधी बियाणं विकायला मनाई केली, तेही याच कारणासाठी.

आणि निंबोळी. शाळेच्या कडूनिंबाखाली जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या आम्ही गोळा करून सावलीत वाळवतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, थोडा साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर पाणी करायचं. हा पाच टक्के अर्क. तो अळीला लगेच मारत नाही, तिची भूक आणि वाढ बिघडवतो. म्हणून फवारून दुसऱ्या दिवशी पाहिलं तर "काईच झालं नाही" असंच वाटतं. कीड कमी असतानाच, सुरुवातीलाच मारला तर उपयोग. बोंडं पोखरून झाल्यावर निंबोळी अर्क घेऊन काही होत नाही, हेही सांगायला हवं.

त्या मुलाच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. आम्ही तिला खिळ्यानं चार भोकं पाडली आणि त्याला शाळेतला एक स्टीलचा गडू दिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. रागावली नव्हती. तिनं विचारलं, "मॅडम, पाण्याले नाही म्हनता, तं त्यात तिखट-मीठ ठेवलं तं चालते का? घरी अजून सात हायेत." मी तिच्यासोबत घरी गेले. सात नव्हत्या, अकरा होत्या. एकीत खरंच मीठ होतं.